आईच्या कार्पल टनेलच्या ऑपरेशनआधी कोणत्या गुंतागुंतीची तयारी ठेवावी?

आईंच्या उजव्या हाताचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलंय, त्यांना मधुमेह आहे आणि ‘काही भलतंच झालं तर?’ या धास्तीने त्यांची झोप उडालीय, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हाताचं हेच ऑपरेशन झालं, तेवढ्या अनुभवावर सांगते.

एक काम आजच करा, मला ते कुणी सांगितलं नव्हतं. आईंना डोळे मिटायला सांगा आणि एकेका बोटाच्या टोकावरून कापूस हलकेच फिरवा. कुठे कळतं, कुठे नाही, ते लिहून ठेवा. कार्पल टनेल म्हणजे मनगटातला अरुंद बोगदा. त्यात दबलेली नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू एवढ्यांपुरती असते. करंगळी तिच्याकडे नाही. माझ्या अनामिकेची एक कड बधिर होती आणि दुसरी अगदी शाबूत! अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा बसलाय का, तेही बघा. या ऑपरेशनमध्ये नसेला इजा क्वचितच होते, पण भूल उतरल्यावर ‘हे आधीचं की नवीन?’ असं मनात येतंच. तेव्हा हा कागद डॉक्टरांपुढे ठेवता येतो. नस फार दिवस दबलेली असेल तर जुना बधिरपणा महिनोन् महिने रेंगाळतो, कधी थोडा कायमही राहतो. हे आईंना आधीच सांगा, नाहीतर ऑपरेशन फसलं असं वाटून त्या खचतील. रात्री हात झटकत उठणं मात्र माझं पहिल्याच आठवड्यात थांबलं.

मधुमेहात जखमेत जंतुसंसर्गाची भीती जास्त, म्हणून साखरेचे ताजे रिपोर्ट आत्ताच दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. इन्सुलिन घेत असतील तर तुम्ही टोचायला शिकून घ्या. बांगड्या-अंगठ्या आदल्या दिवशीच काढा. माझी अंगठी साबणानेही निघेना, शेवटी रिळाचा दोरा बोटाला गुंडाळून सरकवत काढली.

माझी चूक झाली ती घरी येताना. हात खाली सोडून दीड तास बसमध्ये बसले. रात्री बोटं टम्म फुगली, पट्टी आवळली, नखं निळसर दिसायला लागली. सकाळपर्यंत कळ काढली, ते फार चुकलं. पट्टी सैल केल्यावर पाच मिनिटांत बोटांत रंग आला. म्हणून पहिले दोन-तीन दिवस हात छातीच्या वर, झोपताना उशांवर, आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं नसेल तर बोटं पहिल्या दिवसापासून हलवत राहायची. न हलवल्याने ती आखडतात. रात्री-बेरात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर घरी निघण्याआधीच मागून घ्या. बोटं निळी-गार पडली, दुखणं औषधाने कमी न होता वाढत गेलं, टाक्यांभोवती लाली पसरली, पू आला, ताप आला किंवा आधी शाबूत असलेलं बोट बधिर झालं, तर सकाळची वाट बघू नका. दुखणं जखमेच्या मानाने फारच जास्त असेल, हात सुजून, चकाकून त्याचा रंग बदलत असेल, तर टाके निघाल्यानंतरही लगेच दाखवा. हा प्रकार दुर्मिळ आहे, पण त्यावर उपचार लवकर सुरू व्हावे लागतात.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर पाणी लागू द्यायचं नाही. पुढे सगळ्यांत जास्त छळतं ते तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना होणारं दुखणं. कापड कापताना कात्रीची मूठ बरोबर तिथेच रुतायची. आईंना लाटणं रेटताना, जमिनीवर हात टेकून उठताना ते जाणवेल. त्याला घाबरू नका, तीन ते सहा महिन्यांत बहुतेकांचं ओसरतं. मी सव्वा महिन्याने हूक-काजं करायला बसले, कात्री हातात घेतली ती चौथ्या महिन्यात.