लेकीचा प्रोजेक्ट बदलायला लावू नका

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने ‘डेटाबेस वॉटरमार्किंग’ हा प्रोजेक्ट घेतलाय. ओळखीचे म्हणतात, यात नोकऱ्या नाहीत, एआयचं काहीतरी करायला सांगा. काय करावं? – एक पालक, सातारा

उत्तर : ओळखीच्यांचं अर्धं बरोबर आहे. ‘वॉटरमार्किंग इंजिनिअर पाहिजेत’ अशी जाहिरात सहसा दिसणार नाही. तरीही विषय बदलायला लावू नका.

नोट उजेडात धरली की गांधीजी दिसतात, तशी ही डेटात लपवलेली खूण, डेटा चोरीला गेला तर तो मूळ कुणाचा हे दाखवणारी. तक्त्यात ती टिकवणं अवघड, कारण चोर ओळी उलटसुलट लावतो, निम्म्या गाळतो. आयबीएमच्या राकेश अग्रवाल आणि जेरी किर्नन यांनी 2002मध्ये मांडलेली पद्धत तिने आधी स्वतः कोड करून पाहावी. गुप्त किल्ली (फक्त मालकाला माहीत असलेला आकडा) आणि ओळीची प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) मिळून हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने निघणारा आकडा, काढायचा. कुठल्या ओळीतल्या कुठल्या आकड्याचा कुठला बिट (0 किंवा 1) काय ठेवायचा, ते त्यावरून ठरतं. त्यांनी अमेरिकेतल्या जंगलांच्या 5,81,012 ओळींच्या नोंदी वापरल्या होत्या. त्या आजही मोफत मिळतात. तिथे 2596 मीटर उंचीची 2597 झाली, तर अभ्यासाचं काही बिघडत नाही. पण चोरीच्या प्रतीला किल्ली लावली की योगायोगाने जुळाव्यात त्याहून कितीतरी जास्त खुणा जुळतात. मूळ प्रत जवळ नसली तरी चालतं! प्रत्येक ग्राहकाच्या प्रतीत वेगळी खूण घातली, तर डेटा कुणाकडून फुटला तेही कळतं.

यापुढचं काम जास्त महत्त्वाचं. तिने स्वतःच चोर होऊन बघावं. ऐंशी टक्के ओळी उडवाव्यात, आकडे राउंड करावेत, प्रायमरी कीच बदलावी. खूण कुठे पुसली जाते, ते रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहावं. खाते क्रमांक किंवा मोबाइल नंबरात एकही अंक हलवता येत नाही, तिथे काय करायचं यावरही विचार करावा. मुलाखतीत हे सांगणारी मुलगी लक्षात राहते, तयार कोड उतरवून आणणारी नाही.

नोकरी शोधताना डेटा सिक्युरिटी, डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, डिजिटल फॉरेन्सिक ही नावं पाहा. 2023मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. डेटा सांभाळणं आता कंपन्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. एसक्यूएल (डेटाबेस हाताळायची भाषा) आणि संख्याशास्त्र पक्कं करू द्या. क्रिप्टोग्राफीची, म्हणजे माहिती सांकेतिक करून जपण्याच्या शास्त्राची, तोंडओळख तरी हवीच. संशोधनाची ओढ दिसली, तर गेट देऊन एमटेकचा विचार करा. आणि एआयची भीती नको, त्यालाही शिकायला डेटाच लागतो, तोही चोरीला जातो.