उंदरांचे पेट स्कॅन पुसट येतात: सॉफ्टवेअरच्या आधी काय तपासावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खांद्याजवळ ३ मिलिमीटरची गाठ असलेल्या उंदरांचे एफडीजी (किरणोत्सारी साखर टोचून ती शरीरात कुठे शोषली जाते ते दाखवणारे) पेट स्कॅन पुसट येतात, एकाच गटातल्या दोन उंदरांचे गाठीतल्या शोषणाचे आकडे दुपटीने वेगळे निघतात आणि रीकन्स्ट्रक्शनमध्ये (मोजणीतून चित्र बनवताना) इटरेशन, म्हणजे गणिताच्या फेऱ्या, वाढवले की नुसती खरखर वाढते. नवे सॉफ्टवेअर घ्यावे का? इतक्यात नको. असा दुपटीचा फरक सॉफ्टवेअरने पडत नाही; तो बहुधा पिंजऱ्यात नाहीतर शेपटीत पडतो.

आधी ऊब. मुंबईत बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि स्कॅनरच्या खोलीत एसी २०-२२ अंशांवर. त्या खोलीत उंदीर कुडकुडतो हे कुणाच्या लक्षातच येत नाही. उंदराला सोसणारे तापमान ३० अंशांच्या आसपास आहे. थंडी वाजली की तो तपकिरी चरबी जाळायला लागतो, आणि तिचा सर्वांत मोठा साठा दोन खांद्यांच्या मधोमध असतो. म्हणजे तुमच्या गाठीच्या अगदी शेजारी. एफडीजी तिथे भरपूर ओढले जाते आणि त्याची चमक गाठीवर सांडते. इंजेक्शनच्या निदान अर्धा तास आधी पिंजरा ३० अंशांवर आणा. तिथून स्कॅन संपेपर्यंत भुलीचा डबा, इंजेक्शनची जागा, एफडीजी शोषले जाईपर्यंतचा प्रतीक्षेचा तास आणि स्कॅनरचा पलंग, यांतली एकही कडी थंड राहू देऊ नका. गुदद्वारातल्या प्रोबवर ३६-३७ अंश दिसले पाहिजेत. गरम पॅडवर जनावर थेट ठेवू नका, भाजते.

उपास ४ ते ६ तासांचा पुरे, पाणी चालू ठेवून. रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराचे वजन बरेच घटते. खाद्य काढताना खालचा भुसाही बदला, नाहीतर त्यात सांडलेला चुरा तो खात बसतो आणि तुमचा उपास कागदावरच राहतो. इंजेक्शनआधी ग्लुकोमीटरवर एक थेंब तपासून आकडा लिहून ठेवा. केटामाइन-झायलाझिनच्या भुलीने रक्तातली साखर चढते, म्हणून एफडीजीसाठी आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू बरा: सुरुवातीला ३-४ टक्के, नंतर १.५ ते २. त्याने स्कॅनमध्ये हृदय जास्त उजळते, हे गृहीत धरा. प्रतीक्षेचा तास भुलीत घालवायचा की जागेपणी, काहीही ठरवा. पण अर्धा गट असा आणि अर्धा तसा करू नका.

आता शेपटी. इंजेक्शन द्यायची शीर फुगवायला शेपूट कोमट पाण्यात धरा. सुई २९ किंवा ३० गेजची, इन्सुलिन सिरिंजला जडवलेलीच घ्या. तिच्यात औषध अडकायला जागा फारशी नसते. तरीही सिरिंज आधी आणि नंतर डोस कॅलिब्रेटरवर (किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा व उरलेले वजा करा. स्कॅनमध्ये बहुतेक जण शेपूट चौकटीबाहेर ठेवतात, त्यामुळे शिरेबाहेर गेलेले औषध दिसतच नाही. शेवटी एक मिनिट शेपटीचे चित्र घ्या. दिलेल्या मात्रेच्या ५ टक्क्यांहून जास्त तिथे अडकले असेल, तर माझ्या मते तो उंदीर हिशेबातून काढावा.

प्रमाणाचे गणित इथेच फसते. एका उंदराला २०० मायक्रोक्युरी म्हणजे ७.४ मेगाबेक्वेरेल (किरणोत्साराची मापे) द्यायचे आहेत आणि शिशीत सुरुवातीला मिलिलिटरला २ मिलिक्युरी आहेत, असे धरा. पहिल्याला १०० मायक्रोलिटर लागतील. एफडीजीतल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. दोन तासांनी शेवटच्या उंदराला तेवढ्यासाठीच २१० मायक्रोलिटरच्या वर द्यावे लागेल. किलोला ५ मिलिलिटरच्या मर्यादेत २० ग्रॅमच्या उंदराला १०० च बसतात. त्यात एफडीजी आणणारी गाडी सायन-पनवेल महामार्गावर दीड तास अडकली तर हातात ५७ टक्केच उरते. म्हणून माल जास्त तीव्रतेचा मागवा आणि प्रत्येक उंदरासाठी टेबलावर सलाइनने विरळ करा. कॅलिब्रेटर आणि स्कॅनरची घड्याळे मिळवून घ्या. १० मिनिटांची तफावत सरळ ६ टक्के चूक देते.

एवढे जमल्यावर यंत्राकडे वळा. नेमा एनयू ४-२००८ या मानकाचा फँटम (चाचणीसाठीचा नकली नमुना) भरा, त्यात १ ते ५ मिमीच्या कांड्या असतात. ३ मिमीच्या कांडीत खऱ्या मात्रेपैकी किती परत मिळते ते पाहा. तुमच्या गाठीचा आकडा साधारण तेवढाच कमी येणार. लहान गाठीची सरासरी आजूबाजूच्या फिक्या ऊतींत वाटली जाते, हे भौतिकशास्त्र आहे, बिघाड नव्हे. इटरेशन वाढवत जाऊन फँटमचा आकडा स्थिरावला की तिथेच थांबा. त्यापुढे खरखरच विकत घेता. पीएसएफ (स्कॅनरचा पुसटपणा गणिताने भरून काढणारा) पर्याय असेल तर कडा मुद्दाम जास्त उजळतात, तेव्हा सर्वाधिक मूल्यावर भिस्त ठेवू नका. खरखर खरोखर कमी करायची तर १० ऐवजी २० मिनिटे मोजणी करा. सीटीवरून क्षीणनाची, म्हणजे शरीरातच अडणाऱ्या किरणांची, दुरुस्तीही चालू ठेवा: २.५ सेंमी जाडीत पेटच्या ५११ केईव्ही ऊर्जेचे साधारण २० टक्के फोटॉन गळतात, ५ सेंमीच्या रॅटमध्ये (मोठ्या जातीच्या उंदरात) ४० च्या जवळपास.

चार उंदीर एकाच पलंगावर घालून वेळ वाचवत असाल तर एकदा एकटा उंदीर मध्यभागी ठेवून तुलना करा. मध्यापासून लांब गेले की रिझोल्यूशन ढासळते.

आणि पुढे फ्लोरिनऐवजी गॅलियम-६८ या किरणोत्सारी धातूवर जायचा विचार असेल तर आधीच सांगतो: फ्लोरिन-१८ चा पॉझिट्रॉन (त्यातून सुटणारा आणि पेटचा संकेत देणारा कण) सरासरी ०.६ मिमी जातो, गॅलियमचा ३ मिमीच्या आसपास. तिथे ३ मिमीच्या गाठीची तुलना फ्लोरिनच्या चित्राशी करू नका.

हे करून पाहा आणि मग प्रत्येक उंदराचे वजन, साखर, तापमान, सिरिंजचे आधीचे-नंतरचे आकडे आणि शेपटीचे चित्र इथे टाका. त्याशिवाय फक्त स्कॅनचे फोटो टाकलेत तर कुणालाच काही सांगता येणार नाही.