रोज पुसूनही परत येणाऱ्या जाहिराती

“मी रोज रात्री सगळे पुसते, तरी त्यांना कळते कसे?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे अनेक जण घेऊन येतात, मात्र या बाईंनी तो विचारला, तेव्हा त्यामागे चौथ्या महिन्यात झालेला गर्भपात होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरात त्या विषयावर कोणी चकार शब्द काढत नव्हते आणि पडद्यावर मात्र पाळणे, दुपटी, झबली यांच्या जाहिराती येतच होत्या. फोन आपले बोलणे ऐकतो, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

झोपण्यापूर्वी त्या ब्राउझरमधील सर्व कुकी आणि इतिहास पुसत. त्यामुळे दुसऱ्या दिवशी प्रत्येक ठिकाणी नव्याने लॉग-इन करावे लागे, आणि तो वैताग टाळण्यासाठी त्यांनी बँकेपासून ईमेलपर्यंत सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवला होता. खरे सांगायचे तर, हे ऐकून मी जाहिरातींपेक्षा अधिक धास्तावले.

समुपदेशकाने यंत्राच्या गोष्टी समजावत बसावे का, याबद्दल मतभेद असतील. पण जी भीती यंत्रामुळे निर्माण झाली, ती नुसत्या धीराच्या शब्दांनी ओसरत नाही, असा माझा अनुभव आहे. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील लू मोंटुली यांनी ती आणली, ती संकेतस्थळाला आपली आधीची भेट आठवावी म्हणून. आपले लॉग-इन टिकते तेही तिच्यामुळेच. माग काढणारी कुकी मात्र तिऱ्हाईताची असते. एकाच जाहिरात कंपनीच्या कोडचा तुकडा अनेक संकेतस्थळांवर बसवलेला असतो आणि ती कंपनी आपण जाऊ तेथे आपली तीच खूण ओळखते. कुकी पुसली की आपल्याकडची खूण जाते. खात्याला जोडून कंपनीच्या सर्व्हरवर साठलेली माहिती जात नाही, आणि पुन्हा लॉग-इन केले की तुटलेला धागा परत जुळू शकतो.

“आठवडे मोजणारे एखादे ॲप घेतले होते का?” असे मी विचारले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. ॲप त्यांनी फोनवरून केव्हाच काढले होते. खाते तसेच होते, आणि त्यात त्यांनी स्वतः भरलेली प्रसूतीची अपेक्षित तारीखही. कोणाला चोरून ऐकण्याची गरजच नव्हती.

त्या सत्रात आम्ही लॅपटॉप समोर ठेवून बसलो. क्रोम ब्राउझरमध्ये तृतीय पक्ष, म्हणजे तिऱ्हाइताच्या, कुकी अडवल्या. ॲपलचा सफारी ब्राउझर २०२० पासून त्या आपणहून अडवतो. गूगलच्या माय ॲड सेंटरमध्ये गरोदरपण आणि पालकत्व या विषयाच्या जाहिराती कमी करण्याची सोय आहे, तीही वापरली. त्या पूर्णपणे थांबतील, असे मी सांगितले नाही. सगळे पासवर्ड लक्षात ठेवणारा पासवर्ड मॅनेजर बसवून बँक आणि ईमेलचे पासवर्ड तेव्हाच वेगवेगळे केले आणि ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावली.

शेवटी राहिले ते ॲपचे खाते. ते कायमचे काढण्याच्या बटणावर बोट नेऊन त्या थांबल्या, पर्समधून वही काढली, ती तारीख स्वतःच्या अक्षरात लिहून घेतली आणि मग बटण दाबले. पुढच्या दोन सत्रांत जाहिरातींचा विषय निघालाच नाही. त्या बाळाविषयी बोलल्या.