"मॅडम, माझं गणित कच्चं आहे"

"इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय, पण माझं गणित कच्चं आहे. जमेल का?" हा प्रश्न माझ्यापुढे वर्षातून कितीतरी वेळा येतो. विचारणारी मुलं बहुतेक पंचविशीच्या आतली, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसीच्या दुरुस्तीत आधीच राबणारी. त्यातल्याच एकाची ही गोष्ट. त्याला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय २४, सांगलीजवळच्या गावातला. दहावीला गणितात ३८ गुण, बारावी अर्धवट, गेली ५ वर्षं एका दुरुस्तीच्या दुकानात. सोबत मोठी बहीण होती आणि तीच बोलत होती. हल्ली इन्व्हर्टर एसी वाढलेत, त्यांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची तक्रार आली की मालक याला नेतच नाहीत. एक क्लासवाला सहा महिन्यांत सगळं शिकवतो म्हणतोय. फीसाठी आईचे दागिने गहाण ठेवावेत का, हे तिला विचारायचं होतं. तो मान खाली घालून बसलेला. मध्येच एवढंच म्हणाला, "बोर्ड उघडला की मला गणिताचा पेपर आठवतो."

दागिन्यांचा विषय मी बाजूला ठेवला आणि त्याला विचारलं, "फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होत नसेल तर तू काय करतोस?" त्याची मान वर आली. आधी प्लगला सप्लाय बघतो, मग थर्मोस्टॅट, मग रिले आणि ओव्हरलोड काढून कॉम्प्रेसरच्या तीन पिना मीटरवर मोजतो. कॉमन ते रनिंग सगळ्यात कमी, कॉमन ते स्टार्टिंग त्याहून जास्त, रनिंग ते स्टार्टिंग सगळ्यात जास्त.

मी कागदावर लिहिलं, पहिलं १२ ओहम, दुसरं १८. तिसरं किती?

"३०."

"कसं काय?"

"दोन्ही वाइंडिंग एकापाठोपाठ येतात ना, मग बेरीज. तेवढं नाही आलं तर वाइंडिंगमध्ये घोळ."

शाळेच्या पुस्तकात यालाच रोधांची (रेझिस्टरची) एकसर जोडणी म्हणतात, असं मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. ज्या धड्याला तो घाबरत आला, तोच धडा पाच वर्षं रोज त्याच्या हातून होत होता.

सर्किट नव्यानं आखणाऱ्याला आकडेमोड भरपूर लागते. दुरुस्ती करणाऱ्याला मुख्यतः या जागी किती व्होल्ट असायला हवेत आणि किती आहेत, हे कळावं लागतं. पण "गणित लागतच नाही" असं मी कोणालाच सांगत नाही, ते खोटं आहे. ओहमचा नियम लागतो, दशांश लागतात. दशांश चिन्हाची किंवा किलो, मिली, मायक्रो यांची गल्लत झाली की ४.७ के च्या जागी ४७ के चा रोध बसतो. याची नेमकी तिथेच गडबड व्हायची. त्यावर तीन आठवडे गेले, आणि जायलाच हवे होते.

दागिन्यांना मी स्पष्ट नाही म्हटलं. क्लासवाल्याला एवढंच विचारून ये म्हणाले, की आठवड्यातले किती तास मीटर आणि सोल्डरिंग गन माझ्या स्वतःच्या हातात असेल? उत्तर गुळमुळीत आलं. घरची जबाबदारी नसती तर मी त्याला आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा २ वर्षांचा ट्रेडच सुचवला असता, पुढे अप्रेंटिसशिपसकट. वय आडवं येत नाही. पण घरात कमावता तो एकटा. म्हणून आयटीआयमधून निवृत्त झालेल्या, माझ्या ओळखीच्या एका निदेशकांशी त्याची गाठ घालून दिली. दर रविवारी दोन तास.

त्यांनी क्रम पक्का आखला. आधी ९ व्होल्टची बॅटरी, रोध आणि एलईडी. मग डायोड, कपॅसिटर. मग छोटा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारी चार डायोडची जोडणी) आणि ७८०५ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी वापरून ५ व्होल्टचा सप्लाय. मग ट्रान्झिस्टरनं रिले ओढणं. एअर कंडिशनरचा थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा सेन्सर, त्यांनी त्याला मुठीत धरून मोजायला लावला, मग बर्फाच्या पाण्यात. गरम झाला की ओहम उतरतात, गार झाला की चढतात.

चौथ्या महिन्यात एका घरी एसी एरर दाखवत होता आणि बोर्ड बदलायचं ठरत आलं होतं. यानं आधी सेन्सर काढून मोजला. मीटर काहीच दाखवेना, सेन्सर ओपन, म्हणजे आतून तुटलेला. बोर्डाच्या मानानं किरकोळ किमतीचा तो सेन्सर बदलला आणि एसी चालू झाला. त्यानंतर मालक त्याला बोर्डाच्या तक्रारींनाही नेतात. प्रत्येक बोर्ड दुरुस्त होत नाही, पुष्कळदा बदलावाच लागतो. पण दोष बोर्डात आहे की बाहेर, हे सांगता येणारा माणूस दुकानाला हवा असतो.

एसएमपीएसला, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टवर थेट चालणाऱ्या पॉवर सप्लायला, मात्र अजून हात लावायचा नाही, असं निदेशकांनी बजावलंय. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. मध्यंतरी त्याला एक कोडं पडलं होतं. ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा, मग ब्रिजनंतर कपॅसिटरवर १६-१७ का दिसतात? रविवारी उत्तर मिळालं, की कपॅसिटर एसी विजेच्या (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) व्होल्टेजच्या शिखरापर्यंत भरतो आणि ते शिखर लिहिलेल्या आकड्याच्या १.४१४ पट असतं. सोमवारी सकाळी मला त्याच्या वहीच्या पानाचा फोटो आला. कोणी सांगितलेलं नसताना त्यानं मांडलं होतं: २३० × १.४१४ = ३२५. खाली लिहिलं होतं, "म्हणून सर हात लावू देत नाहीत."