स्वयंपाकघरात उरकलेली प्रार्थना

ताई, नमस्कार. मी ३६ वर्षांचा, जुळे सोलापुरात राहतो, बँकेत नोकरीला आहे. कॉलेजपासून नास्तिक. नऊ वर्षांपूर्वी ख्रिस्ती मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, धर्म कुणीच बदलला नाही. पाच वर्षांची मुलगी आहे. सासरे निवृत्त मुख्याध्यापक, चर्चच्या कमिटीवर होते. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जेवायला जातो आणि वाद होतोच. सहा दिवसांत सृष्टी, कुमारीच्या पोटी जन्म, मेलेला माणूस उठणं, याला पुरावा काय, असं मी विचारतो. त्यांनी एकदा मला स्तोत्र ऐकवलं की ‘देव नाही’ असं मूढ मनात म्हणतो. गेले दोन महिने तर ते वादच घालत नाहीत. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ एवढंच म्हणतात. मला तो अपमान वाटतो. मी काही कट्टर नाही. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आईला स्वतः घेऊन जातो. बायकोच्या श्रद्धेच्या आड कधी आलो नाही. ती रविवारी चर्चला जाते, जेवणाआधीची प्रार्थनाही ती आता स्वयंपाकघरातच उरकून येते, त्यामुळे घरात काही वाद नाही. प्रश्न सासऱ्यांचा आहे. नास्तिक म्हणजे मूर्ख किंवा वाईट माणूस नव्हे, हे त्यांना कसं समजावू?
– एक विवेकवादी, सोलापूर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सासऱ्यांवर भरभरून लिहिलंय, बायकोवर जेमतेम दीड ओळ. माझं उत्तर त्या दीड ओळीला आहे.

‘जेवणाआधीची प्रार्थनाही ती आता स्वयंपाकघरातच उरकून येते.’ यातला ‘आता’ तुमच्या हातून सहज लिहिला गेलाय. आता, म्हणजे आधी ती तिथे करत नव्हती. आधी ताटावर बसून करायची, तुमच्यासमोर. मग एक दिवस ती ओट्याशी गेली. कोणत्या दिवशी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हाला ते आठवतच नसेल, अशी मला भीती वाटते.

जरा डोळ्यांसमोर आणा. भाकऱ्या टोपलीत झाकलेल्या, शेंगाची चटणी वाटीत काढलेली, आमटीला उकळी आलेली. ती गॅस बंद करते, हात पुसते, ओढणी डोक्यावर घेते आणि भिंतीकडे तोंड करून मान खाली घालते. बाहेर तुम्ही आणि लेक वाट बघताय म्हणून दोन वाक्यांत आटपते, आमेन मनातल्या मनात म्हणते आणि ताटं घेऊन बाहेर येते. नऊ वर्षांच्या संसारानंतर स्वतःच्या घरात एक बाई लपून देवाचं नाव घेते आहे, आणि तुम्ही त्याला ‘काही वाद नाही’ म्हणताय.

सासुरवाडीत ही प्रार्थना तुम्ही दर महिन्याला बघता. मराठी ख्रिस्ती घरात ती एकट्याने करायची गोष्टच नव्हे. ताटं वाढून होतात, सगळे बसतात, मग एक जण मोठ्याने बोलतं. बहुतेक वेळा वडीलधारं माणूस, कधी घरातलं लहान मूलसुद्धा. अन्नाबद्दल आभार, ज्या हातांनी रांधलं त्यांना आशीर्वाद, ज्यांच्या ताटात आज काही नाही त्यांची आठवण. कुणी आजारी असेल, प्रवासात असेल, तर त्याचं नाव. शेवटी ‘ख्रिस्त येशूच्या नावाने मागतो’ आणि सगळ्यांचं मिळून आमेन. अर्धा मिनिट, फार तर पाऊण. हे सगळं ‘आम्ही’ म्हणून बोलायचं असतं. ओट्याशी एकटीने पुटपुटताना त्यातला ‘आम्ही’ कुठून येणार? तुम्ही आमेन म्हणणार नाही हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं, तरी ती इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून प्रार्थना करत होती.

बायबल तुम्ही वादापुरतं वाचलेलं दिसतं, म्हणून मत्तयाचा सहावा अध्याय मला दाखवाल. येशूनेच सांगितलंय, खोलीत जा, दार लावून घे आणि प्रार्थना कर. ते सांगितलंय चव्हाट्यावर उभं राहून लोकांना दिसावी म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना उद्देशून. त्याच मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात येशू हजारो लोकांसमोर भाकरी हातात घेतो, वर बघून आशीर्वाद मागतो आणि मग वाढायला देतो. शिवाय आपण आपल्या मनाने दार लावून घेणं वेगळं, आणि समोरच्याचा चेहरा बघून दाराआड जावं लागणं वेगळं.

‘आड कधी आलो नाही’ हे तुम्ही मनापासून लिहिलंय, पण आड यायला हात पसरून उभं राहावं लागत नाही. ती डोळे मिटते आणि तुम्ही पहिला घास मोडता. ती बोलत असते आणि तुम्ही मोबाइल वर-खाली करत बसता. तिचं आमेन व्हायच्या आत ‘झालं का?’ म्हणता. किंवा सासऱ्यांशी घातलेला वाद परतताना गाडीवर तिला पुन्हा ऐकवता आणि ती मागे बसून गप्प राहते. यातलं तुमच्याकडून काय झालं ते तुम्हाला ठाऊक. काहीतरी नक्की झालं, त्याशिवाय वाढलेलं ताट सोडून कुणी ओट्याशी जात नाही.

तुम्ही लग्न केलंत ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. तीस दिवसांची नोटीस लागली, तीन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या. दोघांनी आपापलं मानत एकत्र राहावं, याची सोय त्या कायद्यात आहे. सरकारी कचेरीत तिला जे सोडावं लागलं नाही, ते तिने तुमच्या घरात सोडलं.

आणि तो गड्डा. जानेवारीत तुम्ही आईला घेऊन जाता. सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या येतात, अक्षता पडतात, सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो. तिथे तुम्ही आईला पुरावा मागत नाही. गर्दीत तिला धक्का लागू नये म्हणून हात धरून उभे राहता, आणि तेच योग्य आहे. मग बायकोच्या अर्ध्या मिनिटाला वेगळा नियम कसा? ज्या श्रद्धेत तुम्ही वाढलात ती तुम्हाला रीत वाटते, आणि तिची मात्र श्रद्धा म्हणून तपासावीशी वाटते. याचा नास्तिकपणाशी काही संबंध नाही, ही बहुसंख्यांच्या घरात वाढल्याची सवय आहे. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त हेच टोचलं.

विवेकवादी अशी सही केलीत म्हणून आणखी एक. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले आणि जो त्यांच्या खुनानंतर, २०१३ च्या डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला, तो काढून वाचा. घरात, देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात, चर्चमध्ये केलेली प्रार्थना-उपासना, जिच्यातून कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही, तिला तो कायदा हात लावत नाही, असं त्यात लिहून ठेवलंय. दाभोलकरांचं भांडण फसवणाऱ्यांशी आणि लुबाडणाऱ्यांशी होतं. तुमच्या स्वयंपाकघरात कोण कुणाला लुबाडतंय?

आता सासरे. त्यांनी ऐकवलेलं वचन चौदाव्या स्तोत्राचं आहे, आणि ते त्यांनी तुमच्यावर उगारायला नको होतं. ‘मूढ’साठी तिथे मूळ हिब्रू शब्द ‘नाबाल’ असा आहे. त्याचा रोख कमी बुद्धीवर नाही, माजावर आहे. बायबलातल्या ‘पहिला शमुवेल’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात याच नावाचा एक श्रीमंत माणूस भेटतो, पुढे राजा झालेल्या दावीदाच्या भुकेल्या माणसांना अन्न नाकारणारा. त्याच स्तोत्रात पुढे ही माणसं भाकर खावी तशी देवाच्या लोकांना खातात, असं म्हटलंय. वरचा कुणी जाब विचारणार नाही म्हणून लोकांना नाडणाऱ्यांबद्दलचं ते गाणं आहे. पुराव्याअभावी देव न मानणाऱ्या बँकेतल्या जावयाला ते लागू होत नाही. नास्तिकाला नीतीच नसते, किंवा तो आतून देवावर रुसलेला असतो, हा पुष्कळ ख्रिस्ती मंडळींचा गैरसमज आहे, आणि त्याने चांगल्या माणसांची मनं दुखावतात. दुसऱ्या शतकात रोमन लोक ख्रिस्ती माणसांनाच नास्तिक म्हणत, कारण ते रोमच्या देवांपुढे धूप जाळत नसत. जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने तेव्हा लिहून ठेवलं की त्या देवांपुरते आम्ही नास्तिकच. आपल्याकडे तर मनुस्मृतीने ‘नास्तिको वेदनिन्दकः’ अशी व्याख्या केली, तिच्या हिशेबात तुम्ही आणि सासरे एकाच पंगतीला बसता.

तुमचे प्रश्नही तपासून घ्या. सृष्टी सहा दिवसांत झाली, हे वाचून ख्रिस्ती माणूस चोवीस तासांचे सहा दिवसच धरतो, असं तुम्ही गृहीत धरलंय. काही जण धरतात. पण ते साधे दिवस नव्हेत असं ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडिताने पाचव्या शतकातच मांडलं होतं, आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. सासरे स्वतः काय मानतात हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का, की आधी ठरवून मग खोडलंत? पुनरुत्थानाची गोष्ट मात्र निराळी. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, असं येशूचा प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला सरळ लिहिलंय. तो त्यांच्या श्रद्धेचा कणा आहे, आणि तुम्ही तो मानत नाही. इथे तुमचं जुळणार नाही. चहावर नाही, जेवणावर नाही, कधीच नाही. तिथे पुन्हा पुन्हा बोट घातल्याने त्यांची श्रद्धा हलत नाही, त्यांच्या मुलीच्या घशातला घास तेवढा अडकतो.

‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ हा अपमान असेलच असं नाही. कधीकधी वाद मिटवायला लोक तसं म्हणतात, हे खरं. पण ख्रिस्ती घरात रात्रीच्या प्रार्थनेत ज्यांची नावं घेतात ती आपली माणसं असतात. ते तुमच्याशी वाद घालायचे थांबले, तुम्हाला आपलं म्हणायचे थांबलेले नाहीत. सध्या त्यांना काहीही समजावू नका. पुढच्या भेटीत पेरूच्या झाडाबद्दल बोला, नातीच्या शाळेबद्दल बोला.

तुमचं काम तुमच्या स्वतःच्या घरात आहे, आणि ते आज रात्रीचं आहे. जेवायच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात जा. ताटं तुम्ही उचला आणि तिला म्हणा, ‘बाहेर ये, ताटावर बसून प्रार्थना कर. मी थांबतो.’ एवढंच. ‘माझी काही हरकत नाही’ असं म्हणू नका, परवानगी द्यायचा प्रश्नच नाही. तुमच्याकडून पूर्वी काय झालं ते आठवत असेल तर ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द आधी म्हणा, आणि आठवत नसेल तर तिला विचारा.

मग बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. डोळे मिटायची, हात जोडायची, आमेन म्हणायची गरज नाही. तुम्ही ते मानत नाही, आणि खोटं आमेन तिलाही नको असेल. हात मांडीवर ठेवा, नजर ताटाकडे, आणि तिचं आमेन होऊन तिने भाकरीला हात लावेपर्यंत घास मोडू नका. तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघू नका, त्याने माणूस अवघडतं. नंतर ‘काय मागितलंस?’ म्हणून विचारू नका. ‘छान झाली’ असंही नको. सरळ चटणीची वाटी पुढे करा.

पहिल्या रात्री ती बहुतेक ‘माझी झाली प्रार्थना’ म्हणेल. हे काय नवीन, म्हणून ती बिचकेल. आग्रह करू नका, ‘उद्या थांबतो’ म्हणा आणि उद्या खरंच थांबा. परवाही थांबा. आठवडाभराने कामाच्या वैतागात तुमचा हात आपसूक भाकरीकडे जाईल, सगळं बिघडतं ते तिथे. गेलाच हात तर मागे घ्या आणि थांबा.

मुलगी विचारणार, बाबा डोळे का मिटत नाहीत. तिला खरं सांगा. ‘आईला वाटतं देव ऐकतो. मला तसं वाटत नाही. आई बोलत असताना आपण थांबायचं.’ पाच वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. तिला आईसारखे डोळे मिटावेसे वाटले तर मिटू द्या, तुमच्याकडे बघत बसावंसं वाटलं तर तसंही बसू द्या.

आणि यातलं काहीही सासऱ्यांना फोन करून सांगू नका. जावई वळणावर येतोय असं त्यांना वाटेल, ते रविवारी चर्चमध्ये बोलतील, आणि तुमच्या दोघांच्या ताटावरची गोष्ट चर्चच्या अंगणात जाईल. त्यांना सांगायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.