जुना लॅपटॉप देऊन नवा घ्यावा का?

प्रश्न: मी कोल्हापूरजवळ घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास कामं होतात, पावसाळ्यात ती निम्म्यावर येतात. लॅपटॉप २०१९ चा आहे: आय फाइव्ह आठवी जनरेशन, आठ जीबी रॅम, एक टीबी हार्ड डिस्क. अहवालाची मोठी फाइल उघडेपर्यंत चहा करून होतो. दुकानदार म्हणतो, हा आता बाद झाला, विंडोज १० बंद पडलं. ७२,००० चा नवा घेतला तर जुन्याचे ९,५०० आणि वर ५,००० एक्स्चेंज बोनस देतो. उरलेले ५७,५०० मिस्टरांच्या क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयने. मार्चआधी घेतला तर टॅक्सही वाचेल म्हणतो. बाजूला ४०,००० शिल्लक आहेत. मुलगी अकरावीत आहे, तिला पुढे इंजिनिअरिंग करायचं आहे. ओळखीचा दुरुस्तीवाला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), जादा रॅम आणि बॅटरी मिळून ११,५०० सांगतो. काय करू?

उत्तर:

ताई, तुम्ही दुरुस्तीवाल्याचाही आकडा लिहिलात हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत फक्त दुकानातली ऑफर असते. माझं मत आधीच सांगते: हा लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देऊ नका. कारणं सविस्तर लिहिते, कारण दुकानात परत गेलात की ती तुम्हाला तोंडावर सांगता आली पाहिजेत.

जुन्या लॅपटॉपचे १४,५०० मिळतायत, असं तुम्हाला वाटतंय. ते खरं आहे का, हे एका प्रश्नात कळतं. दुकानदाराला विचारा, "जुना देत नाही आणि ईएमआयही नको, रोख घेतला तर केवढ्याला द्याल?" तुमचं पत्र आल्यावर मी फोनवर हेच विचारायला सांगितलं होतं, आणि तुम्हाला ६६,५०० हे उत्तर मिळालं. म्हणजे एक्स्चेंजसह ५७,५०० आणि एक्स्चेंजशिवाय ६६,५००. मधला फरक ९,००० चा. तुमच्या जुन्या लॅपटॉपला दुकान एवढेच मोजतंय. बाकीचे साडेपाच हजार आधी नव्याच्या किमतीत चढवलेले आहेत आणि बोनस म्हणून तेच तुमच्या हातावर ठेवले जातायत.

ही माझीच पद्धत आहे असं नाही, कायदाही असाच मोजतो. जीएसटीच्या नियमांत २७ वा नियम आहे, त्यात उदाहरणच दिलंय: जुना फोन देऊन नवा २०,००० ला मिळतो आणि जुना न देता तोच २४,००० ला मिळतो, तर नव्याची किंमत २४,००० धरायची. सरकार कर लावताना बोनसचं नाव बघत नाही, दोन किमतींतला फरक बघतं. आपणही तोच बघायचा. त्याच फोनवर मी तुम्हाला सेकंड हँड लॅपटॉपवाल्याकडेही चौकशी करायला सांगितलं होतं. तो १३,००० रोख द्यायला तयार आहे. दुकान ९,००० देतं, बाजार १३,०००. विकायचाच झाला तरी एक्स्चेंजमध्ये चार हजारांचं नुकसान आहे.

आणि ते ९,५०० तरी पक्के आहेत का? माणूस तपासून गेल्याशिवाय नाहीत. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलाचा लॅपटॉप असाच एका ऑनलाइन दुकानाला दिला. स्क्रीनवर एक आकडा होता. दारात आलेल्याने बिजागरी हलवून पाहिली, कोपऱ्यावरचा ओरखडा दाखवला, बॅटरी फुगल्यासारखी वाटते म्हणाला आणि जवळजवळ तिसरा हिस्सा कापला. नवा लॅपटॉप खोक्यासह उंबऱ्यावर, मुलगा त्याच्याकडे टक लावून बसलेला. अशा वेळी "परत घेऊन जा" म्हणणं मला जमलं नाही. तुमच्या बॅटरीचंही वय झालंय, कापाकापी होणारच.

आता नो कॉस्ट ईएमआय. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. बँक व्याज लावतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट देते, म्हणून बेरीज सारखी दिसते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी येतो आणि प्रोसेसिंग फी वेगळी. वर्षाला १५ टक्के व्याज धरलं तर तुमच्या रकमेवर हे दोन्ही मिळून हजाराच्या घरात जातं. रक्कम मोठी नाही, पण "नो कॉस्ट" हा शब्द खरा नाही, एवढं लक्षात असू द्या.

मला जास्त काळजी पावसाळ्याची वाटते. हप्ता महिन्याला ४,७९२ चा. लगीनसराईत तो सहज जाईल. जुलै-ऑगस्टमध्ये कामं निम्मी झाली तरी हप्ता निम्मा होत नाही. एखाद्या महिन्यात कार्डाचं बिल पूर्ण भरलं गेलं नाही, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि तेही मिस्टरांच्या कार्डावर, म्हणजे पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात तर त्यांच्या सिबिलवर. ज्यांची कमाई हंगामी असते त्यांनी ठरलेल्या तारखेचा हप्ता शक्यतो डोक्यावर घेऊ नये, असं मी सगळ्यांनाच सांगते. तुम्हाला तर आवर्जून.

टॅक्सचं मात्र दोन ओळींत. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागतच नाही. तुमची सगळी कामं साडेतीन लाखांची. भरायचा करच नाही, तर वाचणार काय? जीएसटी नोंदणीही तुम्हाला लागत नाही, म्हणून बिलावरचा जीएसटी परत मिळण्याचा प्रश्न येत नाही. मार्चची घाई दुकानदाराची आहे, तुमची नाही.

आता मुख्य गोष्ट, लॅपटॉप बाद झालाय का. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, एवढं दुकानदाराचं खरं. पण विंडोज ११ आठव्या जनरेशनच्या इंटेलवर चालतं, आणि तुमचा नेमका आठवीचा आहे. सातवीचा असता तर हे उत्तर मी वेगळं लिहिलं असतं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट अॅप आहे, ते चालवून खात्री करा. टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप, नाही असं दाखवलं तर घाबरू नका. बऱ्याचदा ते बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसतं बंद ठेवलेलं असतं, दुरुस्तीवाला ते चालू करून देईल. तुमचं विंडोज १० अस्सल असेल तर ११ चे पैसे पडत नाहीत.

मग चहा होईपर्यंत फाइल का उघडत नाही? माझा अंदाज हार्ड डिस्कवर आहे. त्यात तबकडी फिरते आणि सुई जागा शोधत बसते. फाँट, फोटो, पानं असे शेकडो तुकडे असलेली अहवालाची फाइल तिला सगळ्यात जड जाते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. नुसता वाचण्याचा वेगसुद्धा चार-पाच पट असतो, आणि असे विखुरलेले तुकडे गोळा करताना फरक त्याहून कितीतरी मोठा पडतो.

पण माझ्या अंदाजावर ११,५०० खर्च करू नका. आज संध्याकाळी मुलीला शेजारी बसवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मग नेहमीची जड फाइल उघडा आणि आकड्यांकडे बघत राहा. डिस्कचा रकाना १०० टक्क्यांना चिकटून बसला आणि सीपीयू निवांत असला, तर एसएसडीने काम होईल. मेमरीही नव्वदच्या वर असेल तर रॅमही हवी. सीपीयूच १०० वर असेल तर मात्र दुरुस्तीला पैसे घालू नका, मला परत लिहा. तेव्हा नव्याचा विचार करू, आणि तोही रोखीच्या भावाने.

दुरुस्तीवाल्याकडून दोन गोष्टी मागून घ्या: एसएसडीच्या वॉरंटीचं बिल आणि तुमची जुनी हार्ड डिस्क. ती त्याच्याकडे सोडू नका. तीनचारशे रुपयांच्या केसमध्ये घातली की बॅकअपची डिस्क तयार. शिवाय तिच्यात पतसंस्थांच्या सभासदांच्या याद्या आहेत, लोकांचे फोटो आणि फोन नंबर आहेत. नुसत्या डिलीट केलेल्या फाइली परत काढता येतात. एक्स्चेंजमध्ये लॅपटॉप गेला असता तर ही डिस्कही गेली असती, आणि पुसण्याची जबाबदारी कोणीच घेतली नसती. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ती. माझ्या दृष्टीने हे कारण पैशांइतकंच वजनाचं आहे.

आता मुलीकडे येऊ, कारण खरा खर्च तिथे उभा आहे. ती अकरावीत आहे, म्हणजे साधारण दीड वर्षाने कॉलेजात जाईल आणि तिला लॅपटॉप लागेलच. आज जुना देऊन टाकलात तर तेव्हा तिच्यासाठी दुसरा विकत घ्यावा लागेल, आणि त्याच्या काही महिने आधी कुठे तुमचा ईएमआय संपलेला असेल. तेच आज दुरुस्त करून ठेवलात, तर तेव्हा तो तिच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला पुरेल आणि नवा तुम्ही स्वतःसाठी घ्याल. दुकानाच्या लेखी ९,००० चा असलेला हा लॅपटॉप तुमच्या घरात एका अख्ख्या लॅपटॉपची खरेदी टाळतो. त्याची तुमच्यासाठीची किंमत ती आहे.

पैशांची मांडणी अशी करा. ४०,००० मधून ११,५०० गेले की २८,५०० राहतात. त्याला हात लावू नका. कोणी आजारी पडलं किंवा एखाद्या संस्थेने बिल तीन महिने अडकवलं, तर ते तुमचा आधार आहेत. हप्त्याला महिन्याला पावणेपाच हजार काढायची तुमची तयारी होतीच. त्याऐवजी सरासरी ४,००० वेगळ्या बचत खात्यात टाका. आरडी मुद्दाम सुचवत नाही, कारण तिची रक्कम बांधलेली असते. लगीनसराईत सहा हजार टाका, पावसाळ्यात दोन. सोळा महिन्यांत ६४,००० जमतील, व्याज वेगळं. दर दहा-पंधरा हजारांची छोटी एफडी करत गेलात तर सहज खर्च होणार नाहीत. मुलीच्या अॅडमिशनच्या सुमाराला तुम्ही दुकानात रोख घेऊन जाल आणि ईएमआयवाल्याला न मिळणारा भाव मागू शकाल.

एक शंका तुमच्या मनात येईल: सहा-सात वर्षांच्या मशीनवर साडेअकरा हजार घालायचे आणि उद्या मदरबोर्डच गेला तर? ही भीती रास्त आहे. तसं झालंच तर एसएसडी काढून घेता येते आणि दुसऱ्या लॅपटॉपला बाहेरून जोडता येते. रॅम आणि बॅटरीचे पैसे मात्र बुडतील. म्हणून एकदम सगळं करू नका. आधी फक्त एसएसडी टाका आणि एक अख्खा अहवाल त्यावर काढून बघा. वेग मनासारखा आला तर रॅम तूर्त घेऊ नका. बॅटरीही तुम्ही कायम प्लग लावूनच काम करत असाल तर लगेच लागत नाही. मात्र जुनी खरंच फुगली असेल, तर ती त्याच दिवशी काढून टाकायची. त्यात पैशांचा विचार नको, ती पेट घेऊ शकते.

टास्क मॅनेजरमधला डिस्क, मेमरी आणि सीपीयूचा आकडा मला कळवा. फाइल उघडत असतानाचा फोटो काढून पाठवलात तरी चालेल, आणि एसएसडीचं कोटेशन वेगळं लिहून घ्या, एकत्र ११,५०० नको.