जप होत नाही आणि हप्ता थांबत नाही

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी मिस्टरांची नोकरी गेली. घराच्या कर्जाचा एक हप्ता थकला, दुसरा थकायच्या बेतात आहे. सासूबाई म्हणतात, गुरुचरित्राचं पारायण कर. मी साधा जप करायला बसले तरी पाचव्या मिनिटाला डोक्यात बँक येते. माझी श्रद्धा कमी पडते का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : श्रद्धा पुरेशी आहे, पण उचलायला घेतलेलं ओझं मोठं आहे. सप्ताह-पारायणात पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी दहा ते एकवीस, असं करत सातव्या दिवशी समाप्ती. रोज दोन-तीन तासांची बैठक, सोवळं, जेवणाचे नियम, चटईवर झोप. घर शांत असेल तेव्हाच हे निभतं. संध्याकाळ झाली की पैशांवरून आवाज चढत असतील, तर तिसऱ्या दिवशी पारायण मोडतं आणि ‘आता काय होईल’ ही नवी धास्ती मागे लागते. सासूबाईंना स्वतः बसायचं असेल तर जरूर बसू द्या, नैवेद्याचं तुम्ही बघा.

तुमच्यासाठी सध्या रोज एकच माळ पुरे. १०८ मणी, ‘राम कृष्ण हरी’ सावकाश म्हणत एका मण्याला तीन सेकंद धरले तर साडेपाच मिनिटं. हरिपाठही देवाच्या दारात क्षणभर उभं राहायला सांगूनच सुरू होतो, तासभर नव्हे. माळ मधल्या बोटावर घ्या, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढा, तर्जनी लावू नका. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवा. सकाळी दिवा लावल्यावर, चहाच्या आणि मोबाइलच्या आधी बसा. रात्री अंथरुणात नको. तिथे माळ हातातून गळते आणि सकाळी उशीखाली सापडते.

बँक आठवणारच. म्हणून नाम मनातल्या मनात नको, आपल्या कानाला ऐकू येईल इतकं पुटपुटत घ्या. मन भरकटलं म्हणून माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करणं, ही नेहमीची चूक. तसं केलं की माळ कधी पुरी होत नाही आणि आठवड्याभरात जपाचाच कंटाळा येतो. हातात आलेला मणी धरून पुढे चला. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन माळा करून फेड करू नका. कर्ज एकच पुरे आहे.

शेजारी वही ठेवा. जपात जी काळजी वर येईल तिचा एक शब्द लिहा आणि परत मण्यावर या. माळ झाली की वहीतलं एक काम त्याच दिवशी उरका. पहिलं काम आम्हीच सांगतो : बँकेत जा. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की कर्जखातं अनुत्पादित (बँकेच्या भाषेत एनपीए) ठरतं आणि वसुलीची भाषा बदलते. त्याआधी मिस्टरांची नोकरी गेल्याचं पत्र घेऊन दोघांनी जा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळेल का ते विचारा. मागणी लेखी द्या, पोच घ्या.

प्रश्न : मुलाचं ऑपरेशन नीट झालं तर देवीची ओटी भरीन आणि गावजेवण घालीन, असं बोलले होते. मुलगा बरा आहे, पण पैसे संपले. नवस फेडला नाही तर काही वाईट होईल का?
– एक आई, संगमेश्वर

उत्तर : बोलताना मुदत घातली होती का, ते आठवा. बहुतेक जण घालत नाहीत. मग घाई कसली? ओटी आजही भरता येते : खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. गावजेवणाचा सव्वा रुपया फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवा, आणि गावी जाल तेव्हा देवळात गाऱ्हाणं घालून सवड मागून घ्या. तुमच्याकडे ही रीत कुणाला नवी नाही. मात्र उसने काढून पंगत उठवू नका. दोष निघालाय, शांत करावा लागेल, अमुक हजार होतील, असं म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पुढे नवस बोलायची वेळ आलीच तर आपल्या हातातलं बोला. महिनाभर रोज हरिपाठ म्हणा. सत्तावीस अभंग नुसते वाचले तर वीसेक मिनिटं लागतात, खर्च शून्य.

प्रश्न : वर्षभर आईसाठी प्रार्थना केली. ती गेली. आता देव्हाऱ्यासमोर उभं राहिलं की रागच येतो, झोपही लागत नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : राग आला म्हणून देव्हारा बंद करायची गरज नाही. रागानेच बोला, मोठ्याने बोला. जनाबाईंनी विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणून शिव्या घातल्या आहेत. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, त्यांच्या गाथेत देवाशी केलेली भांडणं भरपूर आहेत. वारकरी ते सगळं भजन म्हणूनच गातात. सुतकात पूजा बंद असली तरी नामाला बंदी नसते, त्यामुळे तेवढ्यासाठी नाम सोडलं असेल तर पुन्हा घ्या. जमत नसेल तर नुसता दिवा लावा आणि निघा.

झोपेचं मात्र वेगळं बघा. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा आणि ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. गोळी घेतली म्हणून भक्ती उणी होत नाही.

प्रश्न : सगळं बिनसलंय. गळ्यात माळ घालू का?
– एक तरुण, बार्शी

उत्तर : आत्ता नको. तुळशीची माळ घालणं म्हणजे मांस आणि दारू कायमची सोडणं, एकादशी पाळणं, वारी करणं. हा शब्द आयुष्यभराचा आहे, अडचणीतून सुटण्यासाठी दिलेला नाही. आधी जपाची माळ घ्या, वर्षभर टिकली तर फडावरच्या एखाद्या जुन्या वारकऱ्याशी बोला.

प्रश्न : जपताना माळ तुटली. अपशकुन का?
– एक आजी, डोंबिवली

उत्तर : दोरा कुजला, आजी. हाताच्या घामाने सुती दोरा जातोच. मणी मोजा, १०८ आणि एक मेरुमणी. दोन-तीन कमी भरले तर सोफ्याखाली बघा. दुहेरी दोऱ्यात ओवा आणि प्रत्येक मण्यानंतर गाठ मारा. म्हणजे पुढच्या वेळी तुटली तरी एकच मणी घरंगळेल.